पाचवा काप

आम्ही केलेली मधमाश्यांची नमुना पेटी कुंदाताईंनी आमच्या काचेच्या टेबलावर ठेवली आणि एका कोपऱ्यावर बोट दाबलं. पेटी डुगडुगली. मग त्यांनी माझ्याकडून टेप घेतली आणि पेटीचे दोन्ही कर्ण मोजले. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, मग दुसऱ्या जोडीचं तसंच. दोन्ही मापं सारखी आली तर पेटी काटकोनात आहे असं समजायचं. आमच्या पेटीत चार मिलिमीटरचा फरक होता.

"वर्षा, हिच्यात माश्या राहणार नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणजे राहतील, पण मला राहू देणार नाहीत."

कुंदाताई रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या. शाळेत जीवशास्त्र शिकवून रिटायर झाल्या आणि नवा रायपूरच्या बाजूला थोडी जमीन घेऊन मधमाश्या पाळायला लागल्या. त्यांना बारा पेट्या हव्या होत्या. पेटीत मेणाच्या पोळ्यासाठी लाकडी चौकटी लटकवतात. चौकट आणि पेटीची भिंत यांच्यात साधारण आठ मिलिमीटर जागा लागते. जागा जास्त झाली की माश्या तिथे वेडंवाकडं पोळं बांधतात. कमी झाली की फट डिंकासारख्या चिकट पदार्थाने बुजवून टाकतात, मग चौकट बाहेर निघत नाही. दहा दिवसांनी एक मधमाश्या पाळणारा ट्रकमधून माश्यांच्या बारा वसाहती घेऊन येणार होता. आल्या दिवशी त्यांना घर लागणार.

माझं वर्कशॉप तेलीबांध्याजवळ आहे. आधी मी शंकर नगरात एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंग करायची. कागदावर काटकोन मारायची सवय होती. लाकडात तो किती महाग पडतो ते वर्कशॉप काढल्यावर कळलं. मुख्य कारागीर धनेश्वर भैया. वीस-बावीस वर्षं साइटवर फर्निचर केलेला माणूस. आजवर आम्ही वॉर्डरोब आणि किचन केलं होतं. तिथे फट राहिली तर बीडिंगची पट्टी ठोकून झाकता येते. मधमाशीला बीडिंग चालत नाही.

गडबड कुठे होती ते मला ठाऊक होतं. आमच्या टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून अर्धं ब्लेड वर आलेल्या करवतीवर, फळी आडवी कापायला एक छोटा गेज येतो. टेबलात खाच असते, त्या खाचेत गेजची पट्टी सरकते. आमची पट्टी खाचेत ढिली होती. दर कापाला कोन थोडा बदलायचा. यावर उपाय क्रॉसकट स्लेड. नाव मोठं आहे, पण वस्तू म्हणजे एक सरकता पाट. खाली दोन पट्ट्या, त्या टेबलाच्या दोन्ही खाचांत बसतात. वर प्लाय. प्लायवर एक सरळ आडवी भिंत, तिला फेन्स म्हणतात. फळी फेन्सला टेकवायची आणि अख्खा पाट ब्लेडवरून ढकलायचा. फेन्स ब्लेडला काटकोनात असली की फळी दर वेळी काटकोनातच कापली जाते.

मी भैयांना सांगितलं, उद्या पेट्या बंद, आपण स्लेड बनवू.

त्यांनी हातातला रंधा पुसून ठेवला. मग म्हणाले, "मोर हाथ बिगड़ गे का, दीदी?"

माझा हात बिघडला का, असं विचारत होते. मी म्हटलं, "हात नाही, गेज बिघडलाय." त्यांना ते पटलं नाही. "हव," म्हणजे हो, म्हणाले, आणि चहाला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा डबा घेऊन आले. माझे बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झाले. आता घरी बसवत नाही, म्हणून माझा डबा पोचवायचं काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलंय. डबा द्यायला पाच मिनिटं लागतात, पण ते चार तास थांबतात.

मी तोपर्यंत पट्ट्या कापायच्या मागे लागले होते. सागवानाची पहिली जोडी जाड झाली, खाचेत शिरेना. दुसरी पॉलिश पेपरने घासली. ती इतकी सैल झाली की गेजचाच भाऊ.

"काहून घासून राहिली?" बाबा म्हणाले. "घासलं की कुठं किती गेलं ते समजत नाही. ज्याचा हात चालते त्याले दे."

भैया चहा पिऊन दारात उभे होते. बाबांनी तिसरी पट्टी उचलून त्यांच्याकडे धरली. "रंधा मारोगे, भैया? इतनाच, कागज जैसा."

भैयांनी पट्टी घेतली. रंध्याची पात अगदी बारीक काढली. एक हात मारला, पट्टी खाचेत घालून पाहिली. परत एक हात. छिलका इतका पातळ निघत होता की पंख्याच्या वाऱ्याने उडून माझ्या केसांत बसला. सहाव्या की सातव्या हाताला पट्टी खाचेत बसली. बोटाने ढकलली तर सरकत गेली, आडवी हलवली तर हलेना. बाबांनी दोनदा ढकलून पाहिली. दुसरी पट्टीही पुढे केली, बस.

त्यानंतर भैया चहाला गेले नाहीत.

खाचेत आधी वॉशर टाकले, म्हणजे पट्ट्या टेबलाच्या किंचित वर उभ्या राहिल्या. त्यांच्यावर ग्लू लावून प्लाय बसवला, वर वजन ठेवलं. सकाळी पाट तयार होता. पुढे-मागे एकेक भिंत लावली. ब्लेड मागच्या भिंतीतून जिथे बाहेर येतं तिथे भैयांनी न सांगता एक जाड ठोकळा जोडला. ढकलताना अंगठा नेमका तिथेच जातो. मी ड्रॉइंगमध्ये तो ठोकळा काढलाच नव्हता.

आता प्रश्न एकच होता. फेन्स खरंच काटकोनात आहे का? गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून पाहिलं, बरोबर दिसत होती. मी कापायला घेणार होते.

"थांब," आज डबा घेऊन लवकर आलेले बाबा म्हणाले. "दिसते बरोबर. हाय का?"

पाच कापांची टेस्ट असते, ती मी एका व्हिडिओत पाहिली होती, पण समजली नव्हती. बाबांना सांगितली तर त्यांना दोन मिनिटांत समजली. एक चौकोनी प्लाय घ्यायचा. एक बाजू कापायची. कापलेली बाजू फेन्सला टेकवून पुढची कापायची. असं फिरवत चारही बाजू. मग पहिली बाजू परत एकदा, पण या वेळी बोटभर रुंद पट्टी निघेल अशी. त्या पट्टीची दोन्ही टोकं मोजायची. चारही कोपऱ्यांची चूक त्या एका पट्टीत जमा होऊन येते, म्हणून फरकाला चारने भागायचं.

"बारीक चूक डोळ्याले दिसत नाही," बाबा भैयांना सांगत होते. "तिले वाढवून पाहा लागते."

पट्टीच्या एका टोकाला बारीक मापाचा व्हर्नियर लावला, मग दुसऱ्या. फरक दोन पॉइंट चार मिलिमीटर. चारने भागले तर पॉइंट सहा. आमची फेन्स जवळजवळ अर्ध्या मीटरच्या लांबीत पॉइंट सहा मिलिमीटर तिरपी होती. गुण्याला हे कळलं नव्हतं.

बाबांनी पिशवीतून फीलर गेज काढला. वेगवेगळ्या जाडीच्या पत्र्याच्या पात्या एका खिळ्यात ओवलेल्या असतात, प्रत्येकीवर जाडी कोरलेली. डब्याच्या पिशवीत तो काय करत होता ते मी विचारलं नाही. फेन्सचा एका टोकाचा स्क्रू तसाच ठेवला. दुसऱ्या टोकाला, तेवढ्याच लांबीवर, फेन्सला लागून एक ठोकळा क्लॅम्प केला. स्क्रू काढला, ठोकळा आणि फेन्स यांच्यामध्ये पॉइंट सहाची पाती सरकवली, फेन्स तेवढी हलली. नवीन भोक पाडून स्क्रू कसला. जुन्या भोकात कसला असता तर त्याने फेन्स परत जुन्या जागी ओढली असती.

परत पाच काप. मी व्हर्नियर वाचला, मग परत लावून वाचला. चार पॉइंट सात.

"बाबा, वाढली हो. डबल झाली."

बाबा चक्क हसायला लागले. ते रिटायर झाल्यापासून मी त्यांना इतकं मनापासून हसताना पाहिलं नव्हतं. "डबल झाली ना? मंग हिशेब एकदम बरोबर हाय. आपण तिले उलट्या बाजूले ढकललं."

भैया एक क्षण फेन्सकडे, एक क्षण बाबांकडे बघत राहिले. मग तेही हसू लागले. तिघं मिळून त्या चुकीच्या पट्टीकडे बघत हसत होतो आणि कुणी बाहेरून आलं असतं तर ऑर्डर पूर्ण झाली असं समजलं असतं.

ठोकळा दुसऱ्या बाजूला लावला. आता पॉइंट सहाच्या दोन जागा भरून काढायच्या होत्या, म्हणून पाती एक पॉइंट दोनची. नवीन भोक, नवीन स्क्रू. पाच काप. या वेळी व्हर्नियर भैयांनी मागून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा धरत होते, पण धरला अगदी सांभाळून. एक टोक मोजलं. दुसरं मोजलं. मग पहिलं परत मोजलं.

"एक पॉइंट का भी फरक नइ हे, दीदी."

पॉइंट एक होता. चारने भागला तर केसाच्या जाडीहून कमी. मी तसं त्यांना सांगितलं नाही.

भैयांनी पहिली फळी स्लेडवर ठेवली, ढकलली, काप झाला. कापलेल्या दोन फळ्या एकमेकींशेजारी उभ्या केल्या. मधून उजेड दिसला नाही. त्यांनी अजून एक कापली. मग अजून एक. त्या दिवशी अठ्ठेचाळीस फळ्या कापल्या आणि एकही मला कापू दिली नाही. बाबांचा डबा तसाच राहिला होता. आम्ही संध्याकाळी तिघांनी मिळून खाल्ला, थंड भाकरी आणि वांगं.

पेट्या आठव्या दिवशी तयार झाल्या. कुंदाताई स्वतः आल्या. बाबांनी जयभीम घातला, त्यांनी नमस्कार केला. मग त्यांनी एका पेटीतली चौकट काढून दुसरीत घातली, दुसरीतली सातवीत, सातवीतली बारावीत. कोणतीही चौकट कोणत्याही पेटीत बसत होती.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

मी भैयांकडे बघितलं, भैयांनी बाबांकडे, आणि बाबा म्हणाले, "मशीननं."

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. बाराही वसाहती स्थिरावल्या होत्या. बाबा आणि भैया दोघांनाही घेऊन ये म्हणाल्या. आम्ही गेलो. भैया पेट्यांपासून बरेच लांब उभे राहिले आणि तिथूनच प्रत्येक पेटीच्या कोपऱ्याकडे बघत होते. निघताना आम्हाला त्यांच्या जुन्या पेटीतला एकेक बाटली मध मिळाला.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. नवीन प्रकारचं काम आलं की पहिला दिवस त्या कामासाठी लागणारं साधन बनवायला ठेवायचा. क्लायंटला हे समजावून सांगत बसायचं नाही. मटेरियल अजून येऊन राहिलं, एवढं सांगितलं की पुरतं.