सात जाकिटं, अठरा माणसं

बोट सहा महिने पाण्यात राहिली की बुडाला शिंपले धरतात. खरवडून काढले तरी परत धरतात. जेद्दात अठ्ठावीस वर्षं बोटीवर काढली, किश्श्यांनी माझ्या डोक्याची तशीच गत केली आहे. चार दोस्त जमले की म्हणतात, "इब्राहिमभाई, तो जाकिटांचा किस्सा सांगा." तो एक किस्सा नाही, एकाच गुरुवारी सहा-सात झाले. आणि त्या दिवशी हसायला कोणाला सुचलं नव्हतं. मला तर अजिबात नाही.

दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल. माझ्या कफिलाची, म्हणजे माझा व्हिसा ज्याच्या नावावर त्या सौदी मालकाची, बोट होती. ती मी चालवायचो आणि इंजिन मल्याळी अब्दुल कादर बघायचा. गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीला फॅमिली घेऊन तासाभरावरच्या बेटावर जायचं, पोरं पाण्यात खेळली की संध्याकाळी परत. बस, एवढाच धंदा.

* * *

त्या गुरुवारी रियाधची चार मराठी कुटुंबं आली. आठ मोठी माणसं, सात पोरं आणि व्हिजिटवर आलेली एक आजी. म्होरक्या होता जोशी. बँकेत कॉम्प्युटरवाला. त्यानं कागद छापून प्लास्टिकमध्ये बंद करून आणलेला. वर मोठ्या अक्षरांत 'रेड सी फॅमिली क्रूझ'. खाली वेळापत्रक. साडेनऊला काय, दहाला काय, फोटो कधी, खाणं कधी, सगळं.

पोरांनी टीव्हीवर बघितलेली क्रूझ वेगळी. दहा मजल्यांची, आत हॉटेल, वर झोपाळे. आमची बोट बघून ती गप्पच झाली. जोशाचा धाकटा, ओम, साडेचार वर्षांचा. त्यानं बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली आणि मला विचारलं, "अंकल, स्विमिंग पूल किधर है?"

मी समुद्राकडे हात केला. "हा काय!"

* * *

निघायच्या आधी कोस्टगार्डच्या चौकीवर सगळ्यांचे इकामे, म्हणजे तिथले राहायचे परवाने, जमा करायचे; व्हिजिटवाल्यांचे पासपोर्ट. परत आलो की मिळणार. पोरांची नावं बापाच्या इकाम्यात, त्यामुळे शिपाई कागदावर फक्त आकडा लिहितो. त्या दिवशी लिहिला अठरा. पाहुणे सोळा, मी आणि अब्दुल कादर.

जोशानं मला बाजूला घेऊन विचारलं, "चाचा, आकडा चुकला तर काय होतं?"

म्हटलं, "एक कमी आला तर मी आत. एक जास्त आला तर मी आत, आणि कफीलपण आत."

"आणि आम्ही?"

"तुम्ही इथंच बसायचं. इकाम्याशिवाय रियाधला कसे जाणार?"

तो हसला. मी हसलो नाही. आदल्याच महिन्यात कफील म्हणाला होता, "इब्राहिम, तू म्हातारा झालास. आता एक चूक झाली की खलास, फायनल एक्झिट." फायनल एक्झिट म्हणजे गावी जाऊन थोरल्या भावासमोर ओट्यावर बसायचं आणि सकाळ-संध्याकाळ त्याची अक्कल ऐकायची. त्यापेक्षा आत गेलेलं बरं!

* * *

बोटीवर माणसं चढली की मी बोट दाखवून मोजतो. मोठी नऊ मोजून झाली. मग पोरांकडे वळलो. "एक, दोन, ती..."

फटकन हातावर छत्री बसली. आजीची.

"पोरं मोजायची नसतात! नजर लागते."

"अहो आजी, हा सरकारी नियम आहे."

"सरकारला नसतील पोरं. माझ्या नातवंडांवर बोट रोखून एक-दोन-तीन करायचं नाही. सांगून ठेवते."

जोशी म्हणाला, "आई, प्लीज." त्याची बायको मेधावहिनी म्हणाली, "अहो आई, सेफ्टीसाठी असतं ते." आजीनं दोघांकडे बघितलंसुद्धा नाही.

"मग मोजू काय, आजी?"

"त्यांच्या अंगातली ती तरंगायची जाकिटं मोजा. जाकिटांना नजर लागत नाही."

मला घाई होती. वारा सकाळी पडलेला असतो तोवर निघालेलं बरं. म्हटलं, मरू दे, या बाईशी कोण भांडणार! पोरांची भगवी छोटी जाकिटं मोजली. सात. अकरा मोठे आणि सात जाकिटं. अठरा.

इथं मी चुकलो. अठ्ठावीस वर्षांत कोणाच्या बापाचं ऐकलं नाही, आणि त्या दिवशी एका आजीचं ऐकलं.

* * *

पाऊण तासात जोशानं उलटी केली. घाईत समोर काय धरावं कळेना, म्हणून हातातलं वेळापत्रकच धरलं. प्लास्टिकमध्ये होतं म्हणून वाचलं. आजीनं समुद्राच्या पाण्यात धुऊन त्याच्या हातात परत दिलं. "घे. दहा वाजता काय आहे बघ."

* * *

बेट म्हणजे काय, पांढऱ्या वाळूचा ढीग. झाड नाही, सावली नाही. आमच्या आधी एक बोट लागलेली होती, आमच्याहून मोठी. अबू फहद नावाच्या सौदी माणसाचं कुटुंब. बायका ताडपत्रीच्या आडोशाला, पोरं पाण्यात. त्यांच्याही अंगात आमच्यासारखीच भगवी जाकिटं. दोन्ही बोटींच्या मालकांनी अझीझियातल्या एकाच दुकानातून उचललेली. हे मला तेव्हाही दिसत होतं. दिसून उपयोग काय!

रियाधची पोरं वाळवंटात वाढलेली. ओम कडेला उभा. लाट आली की रडत मागं पळायचा. मला म्हणाला, "अंकल, इसको बंद करो ना!"

"हे बंद होत नाही रे."

"स्विच किधर है?"

अब्दुल कादर गंभीरपणे म्हणाला, "स्विच तुम्हारे हाथ में है. ऐसे हाथ दिखाओ और बोलो, बंद!" ओमनं हात पुढं केला, "बंद!" तेवढ्यात लाट माघारी गेली. झालं! पोरगा तासभर तिथंच उभा राहून समुद्राला हुकूम देत होता.

* * *

अबू फहदनं आमच्याकडे गाहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर पाठवले. आजीनं उलट बेसनाचे लाडू पाठवले. त्याचा धाकटा ओमएवढाच, कुरळ्या केसांचा. एक लाडू खाल्ला आणि आजीच्या पिशवीजवळ येऊन बसला तो बसलाच. आजी मराठीत बोलायची, तो अरबीत. दोघांचं मस्त चाललं होतं. चौथा लाडू देताना मेधावहिनी म्हणाली, "आई, पुरे, पोट बिघडेल त्याचं."

आजी म्हणाली, "त्याची आई बघेल काय ते."

* * *

तीनच्या सुमाराला वायव्येला पाणी पांढरं दिसायला लागलं, म्हणजे वारा उठला. मी ओरडलो, "यल्ला, सगळे बोटीत!"

जोशी वेळापत्रक घेऊन आला. "चाचा, साडेचारपर्यंत आहे आपलं. ग्रुप फोटो राहिलाय."

"फोटो काढायचा तर काढ. भिंतीवर हार घालून लावायला होईल."

मग पळापळ. कमरेएवढ्या पाण्यातून पोरं उचलून आणायची. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं उचललं. पाण्याचे फवारे अंगावर येत होते म्हणून पोरांच्या डोक्यावर टॉवेल टाकून सगळी ताडपत्रीखाली दाटीवाटीनं बसवली. मी मोठी माणसं मोजली. मग वाकून ताडपत्रीखाली बघितलं. आजी माझ्याकडेच बघत होती. मी जाकिटं मोजली. सात.

"अठरा!" म्हटलं आणि नांगर उचलला.

* * *

वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. लाटा समोरून. जोशी आडवा पडलेला. मेधावहिनी त्याला धरून बसलेली. ओम आजीच्या मांडीवर टॉवेलखाली झोपलेला. आजीच्या चष्म्यावर मीठ चढलेलं. तिनं टॉवेल जरा वर केला आणि म्हणाली, "ओमू, पाणी पी बाळा."

टॉवेलखालून पोरगं म्हणालं, "मोया."

अरबी पोरं पाण्याला मोया म्हणतात.

आजीनं टॉवेल काढला. कुरळे केस. गालाला बेसन.

मेधावहिनी ओरडली ती अजून माझ्या कानात आहे. ती उठून बोटीच्या काठाकडे धावली. अब्दुल कादरनं मधे पडून अडवलं नसतं तर उडीच मारणार होती. जोशी उभा राहिला. तोंडावर रक्ताचा थेंब नाही. म्हणाला, "पण काउंट बरोबर होता ना!"

मी म्हटलं, "जाकिटं बरोबर होती."

आजी त्या पोराला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली, जणू आता हाही जायचा.

* * *

अशा लाटांत बोट वळवायची म्हणजे आधी ती आडवी येते. सगळ्यांना खाली बसवलं. दोन मोठ्या लाटा जाऊ दिल्या आणि वळवली. बोट इतकी कलली की आजीचा लाडवांचा डबा या बाजूनं त्या बाजूला गेला. 

माझ्या डोक्यात एकच. वारा बघून अबू फहदही निघाला असेल. ओम त्याच्या बोटीत असला तर ठीक. नसला तर?

अब्दुल कादरनं वायरलेसचा माइक माझ्यासमोर धरला. त्यावर बोललं की चौकीवर ऐकू जातं. ऐकू गेलं की माझं खलास. पण मेधावहिनी माझ्याकडे बघत होती. मी माइक घेतला आणि अबू फहदच्या बोटीला तीनदा हाक मारली. उत्तर नाही. नुसती खरखर.

मग चौकीवरून आवाज आला. "कोण बोलतंय? काय झालं? किती माणसं आहात?"

मी बोटीत नजर फिरवली.

"अठरा," म्हटलं. अल्लाशपथ, खोटं नव्हतं! पुढचं सांगायला तोंड उघडलं तोवर वायरलेसनं मान टाकली.

* * *

बेट दिसलं. बोट अजून तिथंच होती! मेधावहिनी बसल्या जागी रडायला लागली. मी म्हटलं, "वहिनी, अजून नाही. आधी पोरगा दिसू दे."

दिसला. पाण्याच्या कडेला ओम उभा, हात पुढं. "बंद! बंद!" त्याच्या शेजारी अबू फहदची आठ पोरं रांगेत, सगळ्यांचे हात पुढं, सगळी ओरडतायत, "बंद! बंद!" एकालाही अर्थ माहीत नाही. समुद्र काही ऐकत नव्हता.

अबू फहद सामान आवरत होता. मी त्याचा पोरगा त्याच्यासमोर उभा केला. त्यानं पोराकडे बघितलं. मागं रांगेकडे बघितलं. परत पोराकडे बघितलं. गडी पांढरा पडला.

"मी मोजली होती," तो म्हणाला. "नऊ."

"मी पण मोजली होती. सात."

मग तो हळूच म्हणाला, "मी जाकिटं मोजली. पोरं मोजू देत नाही ती. नजर लागते म्हणते."

"कोण?"

"उम्मी." म्हणजे त्याची आई. त्यानं ताडपत्रीकडे मान हलवली. आत एक म्हातारी बसलेली, काळ्या बुरख्यात. हातात काठी!

* * *

चौकीवर पोचलो तेव्हा सूर्य बुडत होता. तासभर उशीर. धक्क्यावर माझा कफील उभा, हात मागं बांधून. त्याच्या पुढं तरणा शिपाई, मिसरूड नुकती फुटलेली, हातात सकाळचा कागद. म्हणाला, "बेटाजवळून हाक कोण मारत होतं? काय लपवतोयस? सगळे एका रांगेत. एकेक माणूस मोजून दाखव."

मी बोट वर केलं आणि आजीकडे बघितलं.

आजी उठली. ओमला मेधावहिनीच्या कडेवर दिलं. छत्री जोशाच्या हातात दिली. "थांबा, इब्राहिमभाई. मी मोजते."

प्रत्येकाच्या डोक्यावर तळहात ठेवून मोठ्यानं मोजायला लागली. पहिला ओम. "एक." मग त्याची बहीण. "दोन." सातही पोरं झाली. मग सून, लेक, त्याचे दोस्त, त्यांच्या बायका. स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून "सोळा". अब्दुल कादर "सतरा". माझी टोपी सरकवून थेट टकलावर हात ठेवला, "अठरा". मी श्वास सोडला.

ती थांबली नाही. चष्मा मिठानं भरलेला, डोळे पाण्यानं. एक पाऊल पुढं गेली आणि शिपायाच्या डोक्यावर हात ठेवला.

"एकोणीस!"

कफिलानं डोळे मिटून घेतले. परक्या बाईनं सरकारी शिपायाला हात लावलेला, आणि तोही डोक्याला!

शिपायानं डोकं न हलवता मला विचारलं, "किती म्हणाली?"

त्या चौकीवर मी कधी खोटं बोललो नव्हतो. "एकोणीस," म्हटलं.

त्यानं कागद बघितला. कागदावर अठरा. आजीचा हात अजून तिथंच.

मग त्यानं टोपी काढून बगलेत धरली, मान जरा खाली केली आणि मला म्हणाला, "उम्मीला सांग, पुन्हा मोज. पहिल्यापासून."