पॉलिशकाका काय ऐकतात

कवळ्या बनवायच्या त्या लॅबमध्ये सात माणसं होती आणि सातही जणांच्या कानात दिवसभर काही ना काही खुपसलेलं असायचं. हौस म्हणून नव्हे. दात घासायची यंत्रं एकदा सुरू झाली की कुणी डोक्याला गिरमिट लावल्यासारखं वाटायचं. त्यावर उतारा म्हणून ज्याने त्याने आपापलं गाणं लावून घेतलेलं.

पॉलिशकाका त्यांतले सगळ्यांत जुने. प्लास्टरचे साचे, मेणाच्या हिरड्या, त्यात एकेक करून बसवलेले दात, असं सगळं होत होत तयार कवळी शेवटी त्यांच्या टेबलावर यायची. गरगर फिरणाऱ्या कापडी चाकावर ओली पूड लावून ते ती अशी चमकवायचे की डॉक्टर फोन करून विचारायचे, हे कुणाच्या हातचं आहे म्हणून. वय साठीला टेकलेलं, पाठ यंत्रावर वाकून वाकून तशीच राहिलेली, बोलणं हातचं राखून. कानात एक जुनाट वायर, तिची एक बाजू केव्हाच मुकी झालेली. ते काय ऐकतात हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही आपण होऊन सांगितलं नव्हतं.

मग मॅडम, म्हणजे लॅबच्या मालकीणबाई, कुठल्याशा तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आल्या आणि येताना एक खूळ घेऊन आल्या. दर बुधवारी चारच्या चहाला एकाने आपण सध्या काय ऐकतो ते सगळ्यांना स्पीकरवर ऐकवायचं आणि का ऐकतो ते सांगायचं. "त्याने माणसं जवळ येतात," मॅडम म्हणाल्या.

पहिल्या बुधवारी साचेवाल्याने ढोल बडवल्यासारखं एक गाणं लावलं आणि म्हणाला, "बायको आवडायची ना, तेव्हाचं आहे हे." दुसऱ्या बुधवारी मेणवालीची पाळी. तिशीतली, कामाला चोख बाई. तिने नुसतं वाद्यांचं, शब्द नसलेलं काहीतरी लावलं. "शब्द असले की मी त्यांच्यामागे जाते," ती म्हणाली, "आणि दाढेच्या जागी सुळा बसवून ठेवते." यावर सगळे खो-खो हसले, कारण सुळा हे लॅबमधल्या एका माणसाचंही नाव होतं.

सुळा दातांना रंग द्यायचा. म्हाताऱ्याचे दात कितपत पिवळे हवेत, सिगारेट ओढणाऱ्याचे कितपत, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नसे. त्याचा स्वतःचा डावीकडचा सुळा ओठाबाहेर डोकवायचा, पण नाव पडलं होतं ते जिभेमुळे. ती एकदा लागली की खूण राहायची.

तिसऱ्या बुधवारी काकांनी हात वर केला. सगळे बघतच राहिले.

स्पीकरमधून आधी खोकला ऐकू आला, मग खुर्च्यांची करकर, मग निवेदकाने घेतलेलं एका गायनसंचाचं नाव. कुठल्या तरी सभागृहात खिशातल्या फोनवर टिपलेलं होतं ते. सातआठ बायका एका सुरात गात होत्या आणि मधेच बाकीच्या थांबून एकटीचाच आवाज आला. चारच ओळी. पुन्हा सगळ्या जणी सुरू झाल्या.

"ही कोण?" मॅडमनी विचारलं.

"माझी लेक."

कुणीतरी कप खाली ठेवला. मॅडम म्हणाल्या, "आणि का ऐकता, काका?"

"तिची सुरुवातच माझ्यासमोर झाली," काका म्हणाले. "घरात पाहुणे आले की मी तिला मध्ये उभी करायचो. म्हणायचो, गा. आता मोठी झाली, गावोगाव कार्यक्रम असतात, यायला सवड होत नाही. म्हणून ऐकतो."

यात खोटं असं एकही वाक्य नव्हतं, निदान काकांना तरी ते सापडलं नसतं. इतकी वर्षं मनातल्या मनात घासून घासून त्यांनी त्या गोष्टीला कुठे खरखर म्हणून ठेवली नव्हती.

मॅडमचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून काकांचा भाव वधारला. सकाळी आल्या आल्या कुणी ना कुणी विचारायचं, "काय म्हणते लेक?" काका आधी नुसतं "बरी आहे" म्हणायचे. मग म्हणू लागले, "रविवारी फोन होता." मग एकदा म्हणाले, "घसा बसलाय तिचा, मी म्हटलं गरम पाणी पी." मेणवालीने तिच्यासाठी खडीसाखरेची पुडी आणून दिली. काकांनी ती घेतली, पिशवीत ठेवली आणि घरी जाताना वाटेत स्वतःच खाऊन टाकली. गोड लागली. कुणीतरी आपल्या लेकीची काळजी करतंय, हे तर त्याहून गोड लागलं.

सुळ्याला मात्र काहीतरी खटकलं. दातांच्या रंगातला जरासा फरक ज्याला कळतो त्याला बाकीचंही कळतं. निवेदकाने सांगितलेलं संचाचं नाव त्याने फोनवर शोधलं, फोटोतली काकांसारख्या कपाळाची बाई हुडकली आणि तिला साखरेत घोळवून लिहिलं: तुमचे वडील आमच्याकडे असतात, तुमचं गाणं रोज ऐकतात, आम्हालाही ऐकवलं, त्यांच्यासाठी दोन शब्द बोलून पाठवाल का?

उत्तर दोन दिवसांनी आलं. सुळ्याने ते जिन्यात उभं राहून ऐकलं. तिथल्या तिथे पुसून टाकता आलं असतं. त्याने बुधवारची वाट पाहिली.

"मी सध्या काय ऐकतो, तर हे," चहा हातात आल्यावर तो म्हणाला. "आणि का, ते ऐकलं की समजेल."

पहिल्या शब्दालाच काकांनी मान वर केली.

"नमस्कार. तुम्ही चांगल्या मनाने विचारलंत, म्हणून सांगते. त्या माणसाशी मी अकरा वर्षं बोललेले नाही. मी आठ वर्षांची असल्यापासून पाहुणे आले की मला मध्ये उभी करायचे. माझं गाऊन झालं की माझी नक्कल करायचे. नाक कसं फुगतं, वरच्या सुराला मान कशी उडते. पाहुणे पोट धरधरून हसायचे. मी रडले की मग रडण्याची नक्कल. शाळेत पहिल्यांदा स्टेजवर एकटी गायले तेव्हा पहिल्या रांगेत बसून त्यांनी मला मान उडवून दाखवली. मी मधेच थांबले. त्यानंतर नऊ वर्षं तोंड उघडलं नाही. त्यांना सांगा, ते गाणं पुसा. माझा आवाज त्यांच्या कानात असलेला मला चालणार नाही."

साचेवाला आपल्या बोटांवरचं वाळलेलं प्लास्टर खरवडू लागला. मेणवालीने काकांकडे पाहिलं, आणि मग पाहणं बंद केलं.

"गरम पाणी प्यायली का हो मग?" सुळा म्हणाला.

काका त्याच्याकडे बघत नव्हते. ते स्पीकरकडे बघत होते. "भरलाय आवाज," ते हळूच म्हणाले. "पूर्वी पातळ होता." मग सुळ्याकडे वळून म्हणाले, "मला पाठव ना ते."

"अहो काका, तुमची लाज काढलीय तिने त्यात."

"असू दे. पाठव."

सुळ्याचा सुळा चमकला. "पाठवतो की. पण आधी ती नक्कल होऊन जाऊ दे. पाहुण्यांसमोर करायचात ती. आम्हीही पाहुणेच."

"पुरे आता," मॅडम म्हणाल्या, पण अशा आवाजात, की पुरे करायचं की नाही ते ज्याने त्याने ठरवावं.

काकांनी कप स्टुलावर ठेवला. पँटवरची पूड झटकली. उभे राहिले, हात मागे बांधले, आणि बघता बघता त्या वाकलेल्या म्हाताऱ्याच्या जागी आठ वर्षांची एक पोर उभी राहिली. नाकपुड्या फुगल्या. आवाज किनरा झाला, वर चढला, चढता चढता चिरकला, आणि त्याच क्षणी मान अशी टुणकन उडाली की साचेवाल्याच्या नाकातून चहा आला. पाठोपाठ बाकीचे फुटले. मेणवालीही. तिने तोंडावर हात दाबून धरला, पण हसू निसटलं ते निसटलंच.

ते हसू काकांनी पाहिलं. आणि एवढं सगळं होऊनही त्यांना एक क्षणभर बरं वाटलं. नक्कल हातची गेली नाही अजून, असं वाटलं. ते चेहऱ्यावर उमटलं असावं, कारण हसणारे एकदम गप्प झाले. सुळासुद्धा. त्याने फोनवर बोट टेकवलं, काकांच्या खिशात टिंग झालं, आणि तो कुणाकडे न बघता रंगाच्या टेबलाकडे निघून गेला.

त्या दिवशी संध्याकाळी निघण्यापूर्वी काका मॅडमकडे गेले, फोन त्यांच्यापुढे धरला आणि त्यांच्या देखत गाणं पुसलं. "तिने सांगितलंय ना," म्हणाले. मॅडमनी नुसती मान हलवली. बुधवार बंद झाले. कुणी जाहीर केलं नाही, पुढच्या बुधवारी चारला मॅडमना बाहेर काम निघालं आणि त्याच्या पुढच्याही. काकांची कुणी चौकशी करेनासं झालं. तयार कवळ्या आता हातात न देता त्यांच्या टेबलाच्या कडेला ठेवल्या जाऊ लागल्या.

कानातली वायर मात्र होतीच. महिनाभराने मेणवालीच्या लक्षात आलं, की काकांचा अंगठा मिनिटा-दीड मिनिटाला खिशाकडे जातो. ती त्यांच्याजवळ गेली, यंत्राचं बटण बंद केलं आणि विचारलं, "काय ऐकताय?"

तिने वायर ओढली, चालू बाजू कानाला लावली. नाक कसं फुगतं, वरच्या सुराला मान कशी उडते.

"काका!" तिचा आवाज फुटला. "ती ऐकू नका म्हणतेय आणि तुम्ही तेच ऐकत बसलाय?"

"गाणं पुसलं मी," काका म्हणाले. "तिने गाणं पुसायला सांगितलं होतं. हे कुठे गाणं आहे?"

"तिला आवडेल हे?"

"मग विचार तिला," ते म्हणाले. आणि इतक्या आशेने म्हणाले की मेणवालीला शिसारी आली.

तिने विचारलं. आपण त्या दिवशी हसलो होतो, हेही लिहिलं आणि त्याची माफी मागितली. माफीबद्दल उत्तर आलं नाही. बाकीच्याला आलं, एका ओळीचं. ते सांगावं की गिळून टाकावं, या विचारात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने काकांसमोर उभं राहून वाचून दाखवलं.

"ऐकू द्या. तेच ऐकू द्या."

काकांचा घास हातातच राहिला. "चालेल म्हणाली?"

"तसं नाही हो काका. ती म्हणतेय—"

"मला कळतं काय म्हणतेय ते," काका म्हणाले. त्यांनी डबा बंद केला. "पण चालेल म्हणाली ना?"

काकांनी हात धुतले, पुसले, वायर कानात घातली आणि सुट्टी संपायला बराच वेळ असतानाच यंत्र सुरू केलं.