सिउबीवहिनींचे शोकपट

निवडणूक जवळ आली की आमच्या गावात कागदी रुमालांची पाकिटं फुकट वाटतात. प्रत्येक पाकिटावर उमेदवाराचा हसरा चेहरा. बाकीचे लोक ती घरात वापरतात, कांग आ-तिंग मात्र ती थेट दुकानामागच्या संडासात नेऊन ठेवायचे. "मी निःपक्षपाती माणूस आहे," असं सांगायचे. "दोन्ही पक्षांना सारखंच वापरतो."

तिंगदादांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान आणि माझं सोयाबीनच्या दुधाचं दुकान समोरासमोर. त्यामुळे त्यांचं सकाळचं भाषण मला गिऱ्हाइकांच्या आधी ऐकावं लागायचं. तायवानच्या दक्षिणेला, मत्स्यतळ्यांच्या कडेला आमचं गाव. देशात मोठे पक्ष दोन, त्यांचे रंग दोन. कुठले ते मी सांगणार नाही, उगाच अर्धं गाव माझ्याकडे नाश्त्याला यायचं बंद होईल. राजधानीच्या सभागृहात हाणामारी झाली की दादा टीव्हीचा आवाज वाढवायचे. म्हणायचे, नीट बघ, एकमेकांची कॉलर धरतात पण नाकाला धक्का लावत नाहीत, रात्री एकाच पंगतीला बसायचं असतं ना.

या सगळ्या रागाचं मूळ त्यांच्या दारासमोरच होतं. एका वादळात आमच्या रस्त्याकडेच्या गटाराची झाकणं वाहून गेली, ती परत बसलीच नाहीत. जिल्हा सभेचे सदस्य यिउसाहेब म्हणायचे, पैसा राजधानीतून यायचाय. आमचे खासदार दुसऱ्या पक्षाचे, ते म्हणायचे, गटार हा जिल्ह्याचा विषय. एकदा हे खासदार प्रचाराला आले, दादांच्या दारात हात जोडून उभे राहिले. दादांनी त्यांना सांगितलं, "साहेब, फोटो काढायचाय ना? मग जरा त्या गटारात उतरा. खोली किती आहे ते तरी लोकांना कळेल." तेव्हापासून दादांची पायरी कुणी पुढारी चढला नाही. दादांनीही सगळ्या बाजारासमोर शपथ घेतली, मी जिवंत असेपर्यंत एकही पुढारी माझ्या दारात वाकणार नाही.

मग या वर्षी सिउबीवहिनी, म्हणजे त्यांची बायको, भाजीची पिशवी घेऊन त्याच गटारात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात पडून पडून छातीत कफ भरला, आणि आता आपण घरी जात नाही हे त्यांना आमच्याआधी कळलं.

आमच्याकडे माणूस गेलं की दारापुढे रस्त्यातच मांडव घालतात आणि त्यात पुढाऱ्यांच्या नावाचे शोकपट टांगतात. लांब पांढरं कापड, त्यावर चार मोठी चिनी अक्षरं गेलेल्याच्या गुणांची, खाली पुढाऱ्याचं नाव. सगळ्यात वर राष्ट्राध्यक्ष, मग खासदार, मग जिल्ह्यातले. त्यांनी गेलेल्याला कधी पाहिलेलं असावं अशी अट नाही. मतदारसंघातले पुढारी तर स्वतः येऊन तसबिरीपुढे वाकतात आणि घरची मुलं गुडघे टेकून त्यांचे आभार मानतात. ज्याच्या मांडवात पट नाहीत, त्याला गावात कुणी विचारत नव्हतं असं समजतात.

वहिनींनी माझ्यादेखत विषय काढला. "त्या मासेवालीच्या मांडवात राष्ट्राध्यक्षांचं नाव होतं."

"तिला कुठे वाचता येत होतं?" दादा म्हणाले.

"मला येतं, आणि मला हवंय. दोन्ही पक्षांचे हवेत. जन्मभर तुमच्या तोंडामुळे आपल्या दारात कुणी आलं नाही. मला तरी चारचौघींसारखं जाऊ द्या."

त्याच आठवड्यात वहिनी गेल्या.

आता हा माणूस शपथ मोडतो की बायकोचा शब्द, हे बघायला गाव टपून बसलं. दादांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि मला म्हणाले, तू चल बरोबर, नाहीतर मी तिथे काहीतरी बोलून बसेन.

यिउसाहेबांच्या सेवा कार्यालयातल्या मुलीने चहा दिला. नाव विचारलं, अंत्यविधी कधी ते विचारलं, आणि राष्ट्राध्यक्षांचाही पट मागवू ना, असं अगदी मायेने विचारलं. कोण, कुठले, कुणाला मत देता, काही नाही. दुसऱ्या पक्षाच्या कार्यालयातही तेच, फक्त चहा जरा पाणचट. संध्याकाळी दोन्हीकडचे पट दारात हजर. दादांनी यिउसाहेबांचा पट उलगडून पाहिला.

"यांच्या कार्यालयातल्या त्याच मुलीकडे मी सहा वर्षं झाकण मागत होतो," ते म्हणाले. "तेव्हाही चहाच दिला. माझंच चुकलं. जिवंत माणसासाठी मागत होतो."

अंत्यविधीला मांडववाल्यांनी गटारावर फळी टाकून फुलांच्या परड्या मांडल्या, उघडं गटार दिसायलाच नको. यिउसाहेबांचा त्या सकाळचा हा तिसरा मांडव. त्यांनी माईक घेतला आणि वहिनींच्या हातच्या तांदळाच्या वड्या आपण किती आवडीने खाल्ल्या ते सांगितलं. या माणसाने त्या घरातलं पाणीसुद्धा प्यायलेलं नव्हतं. दादांच्या मुलाने गुडघे टेकले. मग दादाही वाकले, चांगले कमरेतून वाकले. मला त्यांचा राग आला. इतक्या वर्षांची आग एका पांढऱ्या कापडापायी विझली, असं वाटलं.

यिउसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काही लागलं तर हक्काने सांगा."

"सांगितलंय," दादा म्हणाले.

विधी झाल्यावर पट जाळायचे असतात. दादांनी ते जाळू दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी दुकानाचं शटर वर केलं, तर गटाराभोवती बांबू रोवलेले आणि त्यांवर सगळे शोकपट टांगलेले. रस्त्याच्या बाजूला राष्ट्राध्यक्ष, अलीकडे खासदार, पलीकडे यिउसाहेब. "आदर्श माता", "उणीव सदैव भासेल", आणि मधोमध उघड्या गटाराचं ते भोक. बाजाराला निघालेला प्रत्येक जण थांबून फोटो काढत होता. दुपारपर्यंत तो फोटो राजधानीत पोचला म्हणे.

यिउसाहेबांनी दोन माणसं पाठवली. ती आली, बघितलं आणि हात मागे बांधून उभी राहिली. गेलेल्याच्या पटाला परक्याने हात लावला तर ते त्याच्या घरादाराला बाधतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. खासदारांच्या माणसांचीही हिंमत झाली नाही. पट काढू शकणारा माणूस एकच, आणि तो समोर स्कूटरचं चाक खोलत बसला होता.

"भोक बुजलं की काढतो," दादांनी त्यांना सांगितलं. "तोवर तिचा मांडव आहे तो."

जिल्ह्याचा पैसा आणि राजधानीचा पैसा, दोघांनाही अचानक आमच्या गावचा रस्ता सापडला. आठवडा संपायच्या आत सिमेंटची झाकणं बसली. मग दादांनी एकेक पट उतरवला, वहिनींना ऐकू जाईल अशा बेताने त्यावरचं नाव मोठ्याने वाचलं आणि लोखंडी पिंपात जाळला. त्या वेळी ते रडत होते, आणि मीही रडत होते.

दुसऱ्याच दिवशी झाकणांच्या दोन टोकांना दोन फलक उभे राहिले. एकावर यिउसाहेब हसत होते, "यांच्या अथक प्रयत्नांतून". दुसऱ्यावर दुसऱ्या पक्षाचे खासदार, "यांच्या पाठपुराव्याला यश". दादा पाना हातात घेऊन बाहेर आले. मी म्हटलं, आता हे फलक काही वाचत नाहीत.

त्यांनी दोन्ही फलक सावकाश वाचले. "राहू दे," म्हणाले. "तिला दोन्ही पक्षांचे हवे होते."

मग ते झाकणावर चढले आणि टाचेने ठोकून ठोकून पाहिलं. पक्कं होतं. भाजीची पिशवी घेतलेली बाई त्यावरून सहज गेली असती.