ती आली की जोडू

आमचे हे घरांचे नकाशे काढतात. जन्मभर ड्रॉइंग बोर्डावर वाकले आणि उतारवयात लॅपटॉप शिकले. आता कंत्राटदार मोजमापं पाठवतात आणि हे स्क्रीनला नाक टेकवून भिंती काढत बसतात. मी म्हणते, "अहो, त्या घरात शिरायचंय का तुम्हाला?" तर म्हणतात, "दिसत नाही गं."

दिसावं म्हणून तर लेकीने जाताना स्वतःचा भलामोठा मॉनिटर ठेवला होता की! ह्यांच्याच टेबलावर बसून काम करायची ती. हे खिडकीकडे, ती दाराकडे. दिवसभर एकमेकांशी एक शब्द नाही, पण चहा दोघांना एकाच वेळी लागायचा. मग तिला लांब, परदेशात नोकरी लागली. "बाबा, हा तुम्हाला," म्हणाली. "काय झकास दिसतील बघा नकाशे."

ती गेली आणि मॉनिटरचं घोडं अडलं ते अडलंच. तिचा लॅपटॉप नवा, ह्यांचा जुना. घरातली वायर लावली की चित्र यायचं, पण माऊसचा बाण रखडत चालायचा आणि अक्षरं मुंगीएवढी. लेक फोनवर म्हणाली, "राहू द्या बाबा, मी आले की नीट जोडून देते."

झालं! तेव्हापासून दर रविवारी तेच पालुपद. "बाबा, जोडलात का?" "नाही गं, अजून मुंग्याच दिसतात." "बरं, मी आले की करते." फोन ठेवला की ह्यांचा चेहरा असा खुलायचा, जणू ती विमानतळावर उतरलीच आहे. मॉनिटर मात्र टॉवेलखाली झाकलेला.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. डोळ्यांतून पाणी गळतंय, तरी आपलं चाललंय! शेवटी एका घराच्या बाथरूमला दारच काढायला विसरले. कंत्राटदार म्हणाला, "काका, माणसांनी खिडकीतून उड्या मारायच्या का?" हे खजील होऊन हसले. ते हसणं मला बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी हे बाहेर पडल्यावर मी कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावून घेतलं.

त्याने मॉनिटरच्या मागे डोकावून पाहिलं. "काकू, ही वायर जुनी आहे. एवढं मोठं चित्र हिच्यातून रखडतच जाणार. काकांनी नवी नेली ना माझ्याकडून? ती कुठाय?"

"कसली नवी?"

"अहो, मागेच नेली. लॅपटॉपच्या बाजूला ती छोटी खाच आहे ना, तिच्यात लावायची. अक्षरं मोठी कशी करायची तेही शिकून गेले. दुकानात स्वतः करून दाखवलं मला."

मी खण उघडला. कंपासपेटीच्या खाली वायर होती, नीट गुंडाळून रबर लावलेली. मी ती काढून टेबलावर ठेवली.

"लावू का, काकू?"

"लाव बाबा," मी म्हटलं. डोळे तर वाचायला हवेत. त्याने लावली, आणि काय लख्ख दिसायला लागलं! भिंतींची रेघन् रेघ.

हे परत आले, हातातली पिशवीही खाली न ठेवता बघत राहिले. "बरं झालं," म्हणाले आणि खिडकीशी जाऊन बसले.

"वायर आणली होतीत, मग लावली का नाही?"

"मग तिने यायचं कशाला?"

"वेड लागलंय का तुम्हाला? पोरगी काय वायर लावायला येणार आहे? आईबापाला भेटावंसं वाटत नाही तिला?"

"वाटतं गं. पण भेटायला म्हणून येणं पुढे ढकलता येतं. काम अडलं असलं की यावं लागतं."

मलाही ती हवी होती, दाराकडच्या त्या खुर्चीत, न बोलता चहा मागणारी.

रविवारी फोन वाजला. हे काही उचलेनात. मीच उचलला. व्हिडिओवर तिचा चेहरा आला. "आई, बाबांनी मॉनिटर जोडला का गं?"

मला खोटं बोलणं जमत नाही, पण त्या दिवशी जमलं. "कुठलं जोडतायत! मुंग्याच दिसतात म्हणे. तू आल्याशिवाय काही खरं नाही."

ती माझ्याकडे नाही, माझ्या मागे कुठेतरी बघत होती. मी वळून पाहिलं. पाठीमागे तो मॉनिटर चांगला झळकत होता, त्यावर अख्खं घर, बाथरूमच्या दारासकट.

लेकीने ओठ चावला. डोळे भरून आले होते तिचे. "आई," ती म्हणाली, "बाबांना सांग, ती वायर काढून ठेवायला. मी आले की जोडते."

कधी, ते ती बोलली नाही. आम्हीही विचारलं नाही. फोन ठेवल्यावर हे उठले आणि त्यांनी वायर काढली.

"नीट गुंडाळून ठेवा हं," मी म्हटलं. "तिला सापडायला हवी."