दोना जुरेमांचे दोनशे शहाण्णव घोडे

सेऊ आर्लिंदोंवर सगळं गाव डोळे मिटून विश्वास टाकतं, आणि सेऊ आर्लिंदो गावातल्या एकाही माणसावर टाकत नाहीत. त्यांचं गॅरेज माझ्या बेकरीला लागून आहे, त्यामुळे मला सगळं दिसतं. आणि नाही दिसलं तर ऐकू येतं.

त्यांचं काम एकच, शर्यतीच्या गाड्यांना इंजेक्टर निवडून द्यायचे. इंजेक्टर म्हणजे इंजिनात इंधन फवारणारी तोटी. आमच्या सेर्तांवझिन्यो गावात जिकडे बघावं तिकडे ऊस, त्यामुळे पोरं गाड्यांना इथेनॉलच पाजतात, आणि इथेनॉलवर गाडी पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा तरी जास्त पिते. तोटी लहान पडली की इंजिन उपाशी राहून पिस्टन वितळतो. वाजवीपेक्षा मोठी घेतली तर गाडी सिग्नलला उभी राहून उचक्या देते. म्हणून गाडीत किती घोड्यांची ताकद आहे ते आधी खरं कळायला हवं, आणि इथेच तर घोडं पेंड खातं.

आमच्याकडे गाडीचे घोडे खरे सांगणं म्हणजे कमीपणा. दीडशेची गाडी असली तर पोरगा छाती काढून सव्वादोनशे सांगणार. सेऊ आर्लिंदो निमूट मान डोलावतात आणि मनातल्या मनात तिसरा हिस्सा कापतात. पोरांनाही ते पक्कं ठाऊक, म्हणून तीही बरोबर तेवढंच वाढवून सांगतात. तीस वर्षं हा कारभार असा चाललाय, आणि एकही पिस्टन वितळलेला नाही.

मग एक दिवस दोना जुरेमा आल्या. आमच्याकडे मानाने बाईला दोना म्हणतात आणि पुरुषाला सेऊ. गणिताच्या बाई, दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचा भाऊ ओदायर वारला आणि त्याची टर्बो लावलेली शेवेट गाडी यांच्या वाट्याला आली. भाचे म्हणाले, "आत्या, विकून टाक." बाई म्हणाल्या, "आधी एकदा शर्यतीत पळवणार, मग बघू." ओदायर गाडी पेट्रोलवर चालवायचा. बाईंना ती इथेनॉलवर हवी होती.

आता खरी गोम सांगते. सेऊ आर्लिंदोंचा जीव या बाईंवर सहा वर्षांपासून जडलेला. त्या रस्त्यावरून जाताना दिसल्या की हा माणूस हात पुसायला फडकं शोधायचा, आणि फडकं हातातच असायचं. मी शंभरदा सांगितलं, "अहो, विचारून टाका ना एकदा! खाणार आहेत का तुम्हाला?" तर म्हणायचे, "क्लेउझा, तू आपले पाव भाज." तेव्हा बाई स्वतःच्या पायांनी गॅरेजात आल्या, हे बघून मला केवढा आनंद झाला! कॉफी घेऊन मी लगेच तिथे हजर.

"किती घोडे आहेत, दोना जुरेमा?"

"दोनशे शहाण्णव."

"शहाण्णव?"

"तीनशे नाहीत, म्हणून तीनशे म्हटलं नाही."

सेऊ आर्लिंदोंनी मान डोलावली. आणि या गाढवाने तिसरा हिस्सा कापला! एक तर हाडात मुरलेली सवय, त्यात डोक्यात ओदायर. ओदायर म्हणजे बोटाएवढा मासा पकडून दोन्ही हात पसरून दाखवणारा माणूस. झालं! तासाला ऐंशी पौंड फवारणारे इंजेक्टर हवे होते, तिथे पंचावन्नचे बसले. दोघांनी साखर कारखान्यामागच्या रस्त्यावर गाडी फिरवून पाहिली. तिथे पावलापावलावर गतिरोधक, पूर्ण ताकद लागतेय कुठे? गाडी मांजरासारखी गुरगुरत परत आली. सेऊ आर्लिंदो त्या दिवशी शीळ वाजवत होते.

रविवारी शर्यत. बाईंनी चष्म्यावरून हेल्मेट चढवलं आणि गाडी अशी सोडली की शेजारच्या गाडीतला टवाळ पोरगा बघतच राहिला. चारशे मीटरची धाव, तीनशेपर्यंत बाई पुढे. मग फट्ट! पांढरा धूर निघाला आणि शेवेट घरंगळत कडेला थांबली.

सोमवारी इंजिन उघडलं. तिसऱ्या पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक. बाई शेजारीच उभ्या. इंधनात भेसळ होती म्हणाले असते तरी कोणाला कळणार होतं? पण सेऊ आर्लिंदो म्हणाले, "चूक माझी आहे. तुमच्या आकड्यातला तिसरा हिस्सा मी कापला."

"का?"

"इथे सगळेच वाढवून सांगतात."

"मी सांगितलं होतं वाढवून?"

"नाही."

"ओदायर थापाड्या होता हे मला ठाऊक नाही? म्हणून तर मी स्वतः शहरात, रिबेराँव प्रेतोला जाऊन यंत्रावर ताकद मोजून आणली. विचारलं असतंत तर कागद दाखवला असता."

सेऊ आर्लिंदोंची मान खाली. गेली, म्हटलं, आता ही बाई या दारात पाऊल ठेवायची नाही. पण बाई काही जाईनात. त्यांनी पर्स बाकावर ठेवली.

"सेऊ आर्लिंदो, गेल्या नाताळात मी तुम्हाला म्हटलं होतं, रविवारी एकटीने जेवायचा मला कंटाळा येतो. त्यातलं किती कापलंत?"

म्हणजे बाई केव्हाच बोलून बसल्या होत्या, आणि मी मूर्खासारखी याला धीर देत होते!

सेऊ आर्लिंदो म्हणाले, "सगळंच. मला वाटलं, बोलायचं म्हणून बोललात."

"धन्य आहे," बाई म्हणाल्या. "आता ऐंशीचे इंजेक्टर बसवा. आणि येत्या रविवारी जेवायला या. बारा वाजता."

आता आमच्याकडे बाराचं बोलावणं म्हणजे दोनला जायचं. खरोखर बाराला गेलात तर घरची बाई आंघोळीला गेलेली असते. हे शेंबड्या पोरालाही कळतं. रविवारी साडेअकराला मी बेकरीचं दार ओढून घेत होते, तर समोरून सेऊ आर्लिंदो. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात आइस्क्रीमचा डबा.

"अहो, आत्ता कुठे निघालात? बारा म्हणजे दोन, विसरलात की काय?"

"त्या बारा म्हणाल्यात, क्लेउझा," एवढंच म्हणाले आणि भराभरा चालू लागले.