फुटलेल्या शाळिग्रामातला समुद्र

शाळिग्रामावरचे चक्र कोणी कोरले, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल.

आज सकाळी संग्रामपुरात आमच्या शेजारच्या काकू रडतच आल्या. "सर, देव फुटला हो माह्या हातून! आता नदीत सोडा लागते काय?"

तुकडे पाहून मी हादरलो. आत दगड झालेला, वेटोळ्याचा शंख होता, अमोनाइट या नामशेष सागरी प्राण्याचा! हे दगड गंडकी नदी हिमालयातून आणते. म्हणजे त्या शिखरांच्या जागी एकेकाळी समुद्र होता, असे मी काकूंना सांगितले.

"समुद्र? अन् मी त्याले रोज तांब्याभर पाण्यानं आंघोळ घालून राह्यली!" काकूंनी डोळे पुसले आणि दोन्ही तुकडे देवघरात परत ठेवले.

तुमच्या शाळिग्रामाच्या चक्रावरही बोट फिरवून पाहा. मधून बाहेर येताना वळण रुंदावत गेले, तर ते बहुधा शंखाचेच आहे.