राखीव पंपाचा रंग

सोलापुरातल्या माझ्या पंपांच्या दुकानात तो एकदाच आला. माढ्याचा, पण दूर अणुवीज केंद्रात नोकरीला. विजेच्या पंपासाठी त्याने इतकी घासाघीस केली की मी वैतागून म्हणालो, "वीज गेली तर असावा म्हणून सोबत हा डिझेलचा जुना पंप ठेवा. फुकट."

त्याने नखाने पंपाचा रंग खरवडला. "कधी चालवलाय का, शेठ?"

"दर दसऱ्याला रंग देऊन हार घालतो."

"आमी बी त्येच करतो. अणुभट्टी थंड ठेवायचा राखीव पंप. वीज गेली तवा रंगानं चिकटून बसला हुता. नशिबानं वीज आली. सायबांनी परत रंग द्यायला लावला." मग म्हणाला, "ह्यो चालवून दाखवा, सौदा पक्का."

घाम फुटेस्तोवर हँडल मारलं. पंप हूं की चूं करेना. तो काहीच न घेता गेला.

जमत आलेला सौदा मोडल्याचा राग अजून आहे. त्या दसऱ्याला मी पंपाला रंगाचे दोन हात दिले.